एलशेजारची कळ

नेवेन्का म्हणाली, मला फक्त चार कामांसाठी हवाय.
गॅसचं बिल. दवाखान्याची वेळ.
बर्गनमधल्या नातवाचे दात बघायला
(पाचवा आलाय म्हणे).
चौथं काम तिला आठवेना.
"आठवलं की सांगते," म्हणाली, आणि कोट चढवला.

पुन्ता अरेनासचा वारा ऑक्टोबरात
कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
चौकात नगरपालिकेनं दोर बांधलेत, धरून चालायला.
एका हातात दोर, दुसऱ्यात माझी बाही,
अशी ती बसपर्यंत आली.

माझ्या खिशात यादी होती.
टेलिफोन एक्स्चेंजात सव्वीस वर्षं काढलेली बाई मी,
यंत्रांचं मला कळतं, असं मीच ठरवलेलं.
तीन रात्री जागून लिहिलं होतं:
मेमरी आठ. डिस्क न फिरणारी.
पडदा चौदा इंची, तिच्या मोतीबिंदूसाठी.
वजन दीड किलोच्या आत, तिच्या मनगटासाठी.

करमुक्त बाजारातल्या त्या दुकानात
येर्को नावाच्या पोरानं ओळीनं सगळे उघडून ठेवले.
"ह्याच्यावर कुठलाही गेम पळतो, आजी."
"कुणाला भिऊन?" नेवेन्कानं विचारलं.

मग तिनं तिची परीक्षा सुरू केली.
चाळीस वर्षं बेकरीत भट्टीची दारं उघडली-मिटली तिनं.
एकेक झाकण उघडायची, कान देऊन मिटायची.
"ह्याची बिजागरी वर्षभरात जाणार."
पालथा हात खाली घालून म्हणाली,
"हा आत्ताच एवढा तापलाय,
वर कणीक ठेवली तर फुगेल."
येर्को माझ्याकडे बघायला लागला.
मी यादीकडे.

शेवटी मिळाला. यादीबरहुकूम, राखाडी,
दोन लाख एकोणनव्वद हजार पेसो.
मी पर्स उघडायला सांगणार, तोवर
तिची बोटं कळांवरून फिरायला लागली,
पिठात खडा शोधावा तशी,
आणि एलपाशी थांबली.
"इथं अर्धविराम का आहे?
माझा ञ कुठंय?"

बाहेरचा माल आहे, येर्को म्हणाला,
सेटिंग बदललं की उमटतो, कळेवर छापलेला नाही एवढंच.
मी म्हटलं, स्टिकर लावू.
"स्टिकर," ती म्हणाली.
"डोक्यावर ती लाट नसली, तर
नवीन वर्षाच्या शुभेच्छांचं काय होतं
ठाऊक आहे ना रे पोरा?"
येर्कोचे कान लाल झाले.
आम्ही तिघंही हसलो, मी सगळ्यात शेवटी.

तिनं काळा घेतला.
जुनं मॉडेल, एकवीस हजारांनी महाग,
चांगला दोन किलोंचा धोंडा,
आणि सुरू व्हायला इतका वेळ की तोवर चहा होतो.
"चहा तर करतेच मी," ती म्हणाली.
बसमध्ये मी गप्प होते.
यादीची घडी घालून घालून
तिकिटाएवढी केली होती.

संध्याकाळी तिच्या ओट्यावर
अक्षरं मोठी करून दिली,
पासवर्ड पिठाच्या डब्याच्या झाकणाआड चिकटवला,
नको ती चित्रं पुसली, तीन ठेवली.
"चौथं?" मी विचारलं.
"जा आता, वारा वाढतोय."

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तिची पहिली मेल आली.
विषयाची जागा रिकामी.
गॅसचं बिल भरलं. दोनदा भरलं गेलं.
उद्या ऑफिसात जावं लागेल, येशील का.

खाली पुष्कळ मोकळी जागा.
मला वाटलं संपलं. तरी खाली, आणखी खाली गेले,
तिथं नवऱ्याचं नाव, एकटंच:

इञिगो.

नऊ वर्षांत तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं ते मी.
उत्तर लिहायला बसले,
आणि माझ्याच कळफलकावर
एलच्या शेजारी बोट नेऊन
नुसतंच ठेवलं.
मग लिहिलं: येते. दहाला.
हातमोजे घाल, दोर गार असतो.